माळ्यावर रात्री कोण चालतं? उदमांजराचा मुक्काम ओळखणं आणि हलवणं

रात्री साडेदहा-अकराला डोक्यावरून कुणीतरी आरामात चालत गेल्यासारखा आवाज येतो. धप, धप, धप. मग थोडी शांतता, आणि काहीतरी गोल घरंगळत भिंतीपर्यंत जातं. पहाटे चारच्या सुमाराला तीच पावलं उलट दिशेने. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कौलारू घरांत या आवाजापायी गाऱ्हाणी घातली गेली आहेत, नारळ ठेवले गेले आहेत, आणि मुंबईहून आलेले पाहुणे सकाळच्या पहिल्या एसटीने परत निघाले आहेत. वर असतं ते बहुतेक वेळा उदमांजर, रात्री फिरणारं, झाडांवर चढणारं एक फळखाऊ रानटी जनावर. कुठे त्याला कांडेचोर म्हणतात, कुठे काळमांजर.

आवाज माणसासारखा का येतो, तेही समजून घ्या. मांजर बोटांवर चालतं, म्हणून त्याचं पाऊल वाजत नाही. उदमांजर तळव्याचा बराच भाग टेकवून चालतं. वजन दोन ते पाच किलो, आणि खाली सुक्या फळ्यांचा पोकळ माळा. एवढ्यावर पखवाजासारखा नाद घुमतो. घरंगळणारी वस्तू म्हणजे बहुधा माळ्यावर पडलेली सुपारी, आठळी किंवा वाळका नारळ.

दरवर्षी हा त्रास पुन्हा होतो, कारण सगळे भोक बुजवण्यापासून सुरुवात करतात. ते काम शेवटचं आहे. आधी कोण आहे, मग का आलं, मग पिल्लं आहेत का, आणि त्यानंतर जाळी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पहिल्या तीनांना जवळजवळ खर्च नाही.

लक्षणं

रोज साधारण ठरलेल्या वेळी, रात्री एकदा आणि पहाटे एकदा, जड पावलं. छताच्या प्लायवर किंवा फॉल्स सीलिंगवर पिवळट-तपकिरी डाग, बहुतेक एकाच कोपऱ्यात. गोडसर पण उग्र, कस्तुरीच्या अंगाने जाणारा वास, जो दमट हवेत वाढतो. गच्चीवर, विहिरीच्या कठड्यावर किंवा पत्र्यावर बियांनी भरलेली विष्ठा. पाइपाच्या किंवा खांबाच्या कडेला हाताच्या उंचीच्या वर काळपट, तेलकट घासल्याची खूण. वळचणीचं एखादं कौल दोन बोटं सरकलेलं. उन्हाळ्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही, पहिल्या पावसात नेमकं तिथून पाणी येतं. यातली तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढे वाचा.

१. घड्याळ आणि वही

तीन रात्री आवाजाची वेळ लिहून ठेवा. फक्त वेळ आणि आवाजाचा प्रकार. अर्ध्या शंका इथेच मिटतात.

दिवसाउजेडी हलकी, वेगाची धावपळ म्हणजे खार. तिन्हीसांजेला बारीक चिवचिव आणि वळचणीतून एकामागून एक काळ्या सावल्या बाहेर पडल्या तर वटवाघळं. रात्रभर थांबून थांबून कुरतडणं, तेही भिंतीच्या आतून, हे उंदराचं किंवा घुशीचं काम. उदमांजर वासे किंवा वायरी कुरतडत बसत नाही. कुणीतरी लांबलचक घोरल्यासारखा किंवा फिस्सऽऽ असा आवाज अंधार पडल्यापासून तासन् तास येत असेल तर गव्हाणी घुबडाची पिल्लं असतील. त्यांना हात लावू नका. ते कुटुंब तुमच्या आवारातले उंदीर फुकटात कमी करतंय.

उदमांजराची खूण म्हणजे दोन झटके आणि मधली शांतता. अंधार पडल्यावर ते बाहेर जातं, उजाडायच्या आत परत येतं, दिवसभर झोपतं. लख्ख चांदण्याच्या रात्री ते कमी फिरतं, म्हणून ही नोंद पौर्णिमेच्या आगेमागे करू नका. नाहीतर दोन रात्री आवाज आला नाही म्हणून ‘गेलं’ असं वाटेल आणि तुम्ही भोक बुजवायला धावाल.

२. विष्ठा: एक टॉर्च आणि एक काडी

इथे जरा वेळ घालवा. आवाजात चूक होऊ शकते, इथे सहसा होत नाही.

टोकाला पांढरा ठिपका असलेली बारीक काळी विष्ठा पालीची. तांदळाच्या दाण्याएवढी, काडीने दाबली की भुगा होणारी आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे असलेली, ती वटवाघळाची. कडक, टोकदार आणि दाबूनही न फुटणारी, ती उंदराची. करड्या रंगाचा, अंगठ्याएवढा किंवा मोठा गोळा मिळाला, त्यात केस आणि उंदराच्या इवल्याशा कवट्या निघाल्या, तर ती विष्ठाच नव्हे. घुबडाने ओकून टाकलेला गोळा आहे.

उदमांजराची विष्ठा करंगळीएवढी जाड, लांबट आणि मोसमात अख्ख्या बियांनी गच्च भरलेली. भेरली माड, जांभूळ, चिकू, पपई, करवंद, जे पिकलंय ते. गर पचतो, बी जशीच्या तशी बाहेर पडते. इंडोनेशियात याच प्राण्याच्या विष्ठेतून वेचलेली कॉफीची बी ‘कोपी लुवाक’ या नावाने महाग विकली जाते. तुम्हाला या बियांचा उपयोग वेगळा आहे: कुठल्या झाडाची बी आहे ते ओळखा. जनावर कुठे जेवायला जातंय आणि त्या झाडावरून छपरावर कसं उतरतंय, हे ती बीच सांगते. चौथ्या आणि सहाव्या पायरीत हे लागेल.

विष्ठा उघड्या हाताने उचलू नका, आणि ती वाळलेली असेल तर झाडू मारून उडवू नका.

३. राखेचा पुठ्ठा

दोन फूट लांब-रुंद पुठ्ठा घ्या, त्यावर चाळलेली राख किंवा पांढरी रांगोळी चहाच्या गाळण्याने पातळ भुरभुरा. थर इतकाच हवा की खालचा पुठ्ठा जेमतेम झाकला जाईल. जाड थरात ठसा ढासळतो. पुठ्ठा संशयाच्या भोकापाशी ठेवा. गव्हाचं पीठ वापरू नका, मुंग्या आणि उंदीर त्यावर तुटून पडतात आणि सकाळी नुसता चिखल दिसतो.

सकाळी तिरप्या उजेडात बघा. मांजराच्या ठशाला चार बोटं, नखं नाहीत. उदमांजराला पाच बोटं आणि मागे तळव्याची लांबट उशी. मुंगसालाही पाच बोटं असतात, पण ठसा खूप लहान, नखं लांब पुढे आलेली, आणि मुंगूस दिवसा फिरतं.

भोक सापडत नसेल तर भर दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद करा, पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून उजेड शिरतो त्या प्रत्येक फटीला आतून खडूने खूण करा. तीन-चार इंचांची फट मोठ्या जनावरालाही पुरते. नेहमीच्या जागा अशा: वळचणीत भिंत आणि कौलं यांच्या मधली मोकळीक, दोन पाख (छपराचे उतार) मिळतात तिथली खाच, टोकाच्या त्रिकोणी भिंतीतली हवेची खिडकी, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं आणि नंतर तसंच राहिलेलं भोक, आणि पन्हळी पत्र्याच्या लाटांखालची पोकळी.

४. पोटाची सोय बंद करा

ओटीवर टांगलेला केळ्यांचा घड, रात्री तसंच राहिलेलं कुत्र्या-मांजराचं खाणं, झाकण नसलेला ओल्या कचऱ्याचा खड्डा, झाडाखाली पडलेले पिके चिकू आणि पपया. संध्याकाळी हे सगळं उचलायची सवय लावली की निम्मं आकर्षण जातं. कोंबड्यांच्या खुराड्याला जाड जाळी आणि पक्की कडी हवी. उदमांजर फळांवर जगतं, पण कोंबडीचं पिल्लू आणि अंडीही सोडत नाही. ताडी-माडीच्या मडक्यात तोंड घालायची त्याची खोड तर इतकी जुनी की इंग्रजीत त्याचं एक नावच ‘टॉडी कॅट’ पडलं.

माळ्यावर उंदीर असतील तर आधी ते पकडा, कारण तेही त्याचं अन्न आहे. पिंजरा लावा, विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन उदमांजर किंवा घुबड मेलं, तर ते मरणार तुमच्याच छतात, आणि तो वास पंधरा दिवस घर सोडत नाही.

५. पिल्लं आहेत का?

याचं उत्तर मिळेपर्यंत फांदी तोडू नका, दिवा लावू नका, जाळी तर नाहीच नाही.

मादी वर्षातून कधीही पिल्लं घालू शकते, म्हणून ‘हा काही मोसम नाही’ असं धरून चालू नका. एका वेळी दोन ते पाच पिल्लं होतात. जन्मतः डोळे मिटलेले असतात, ते साधारण अकराव्या दिवशी उघडतात, आणि पिल्लं आपली आपण फिरायला लागेपर्यंत जवळजवळ तीन महिने जातात. मादी अशा वेळी घर बदलायला नाखूष असते. बाहेर पडल्यावर भोक बंद झालं, तर ती आत शिरण्यासाठी कौलं उचकटते. आतली पिल्लं उपाशी मरतात. आवाजाच्या त्रासावर केलेल्या इलाजातून फुटलेलं छप्पर आणि कुजल्याचा वास असे दोन नवे त्रास घरात येतात, आणि मुके जीव जातात ते वेगळंच.

कसं ओळखायचं? दिवसा, विशेषतः दुपारी, एकाच कोपऱ्यातून बारीक म्याव आणि चिवचिव यांच्या मधला आवाज येतो. मादी मध्यरात्रीही परत येते, म्हणजे वहीतल्या दोन नोंदींच्या तीन-चार होतात. दोन महिन्यांची पिल्लं झाली की रात्री वर पकडापकडीचा गोंधळ सुरू होतो. ‘एवढे दिवस एक होतं, आता चार आली’ असं लोक म्हणतात ते तेव्हा.

पिल्लं असतील तर थांबा. डाग पडतोय त्या जागी, पिल्लांपासून हातभर लांब, जुनी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक पसरून वर वर्तमानपत्रं टाका, म्हणजे छताची फळी वाचेल. तारीख लिहून ठेवा. साधारण तीन महिन्यांनी, तिसऱ्या पायरीचा पुठ्ठा पुन्हा लावून, पुढे जा.

६. पूल तोडा

उदमांजर चढण्यात पटाईत आहे, लांब उडीत तेवढं नाही. छपरापासून सहा ते आठ फुटांच्या आत आलेल्या फांद्या छाटल्या की त्याचा सोपा रस्ता तुटतो. अख्खं झाड तोडू नका. जुन्या फणसाची किंवा आंब्याची ढोली हेच त्याचं खरं घर. ते गेलं की तुमचा माळाच त्याला उरतो.

माड किंवा पोफळ छपराला टेकलेली असेल तर बुंध्याला जमिनीपासून पाच-सहा फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. नखांना पकड मिळत नाही. पत्र्याची टोकं एकमेकांवर चढवून तारेने बांधा. माडाचा घेर फारसा वाढत नाही, तिथे तो वर्षानुवर्षं राहतो. आंब्या-फणसाला लावला तर दरवर्षी सैल करायला हवा, नाहीतर साल आवळली जाते. घराकडे येणारी विजेची तार हाही एक पूल आहे, पण तिच्या जवळची फांदी वायरमनला बोलावूनच तोडायची.

७. उजेड दिवसा हवा

लोक रात्रभर माळ्यावर दिवा ठेवतात आणि उपयोग झाला नाही म्हणतात. रात्री ते वर नसतंच. त्याला काळोख हवा असतो तो दिवसा झोपायला. म्हणून रात्री अकरानंतर, ते बाहेर पडल्यावर, नऊ वॉटचा एलईडी बल्ब लोंबता लावा आणि तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू ठेवा. साधा पिवळा बल्ब नको. तो तापतो आणि माळ्यावर सुकं गवत, पाला, पोती असतात. सोबत बोलण्याचा कार्यक्रम लावलेला रेडिओ मध्यम आवाजात ठेवा. माणसाच्या बोलण्याचा वचक गाण्यापेक्षा जास्त. एका उदमांजराच्या झोपायच्या जागा सहसा दोन-चार असतात, त्यामुळे चार-पाच दिवसांत ते दुसरीकडे मुक्काम हलवतं.

डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ खालच्या खोल्यांत उतरते, लहान मुलांना ती वाईट, आणि जनावर फार तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकतं. मिरचीची धुरी लाकडी छपराखाली घालणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. फटाक्यांचंही तेच.

८. आधी कागदाचा बोळा, मग जाळी

खडूने खुणा केलेल्या सगळ्या फटी बंद करा, मुख्य वाट सोडून. त्या वाटेत संध्याकाळी पाचला वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा. रात्री अकरानंतर बघा: बोळा बाहेर पडला असेल तर जनावर आत होतं आणि आता बाहेर गेलंय. नवा बोळा बसवा. सकाळी तो आतल्या बाजूला पडलेला दिसला, तर ते परत आलंय. सलग तीन रात्री बोळा जसाच्या तसा राहिला की माळा रिकामा समजा. मुसळधार पावसात ते एखादी रात्र बाहेर पडतच नाही, तेव्हा आणखी दोन रात्री धरा.

आता जाळी. जस्ताचा मुलामा असलेली वेल्डमेश (तारा सांध्यांवर वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी), एक इंची चौकोनाची, तार दोन मिलीमीटर जाडीची. उंदरांचाही त्रास असेल तर अर्ध्या इंचाची घ्या. फटीच्या चारही बाजूंना चार इंच जास्त येईल अशी कापा, लाकडावर दर सहा इंचांना वॉशर घालून स्क्रू पिळा, भिंतीवर प्लग ठोकून. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालणार नाही, ती हाताने फाकते. पोतं, थर्माकोल, फोम हे एका रात्रीचं काम. आणि वळचण सिमेंटने लिंपून टाकू नका: कौलारू माळ्याला वारा लागतो, तो कोंडला की पावसाळ्यात वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) कुजायला लागतात.

ते जातच नसेल, आणि पिल्लं नाहीत याची पक्की खात्री असेल, तर मुख्य वाटेवर जाळीचा पडदा वरच्या कडेला बिजागरीने टांगा, खालून मोकळा, फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारा. बाहेर पडता येतं, आत येता येत नाही. तीन-चार रात्रींनंतर तो कायमचा बंद करा. हे सगळं काम एप्रिल-मे महिन्यात, कौलं चाळायला (उतरवून पुन्हा लावायला) माणसं येतात तेव्हाच करून घेतलं की वेगळी मजुरी पडत नाही.

जाळी बसल्यावर माळा धुवा, कारण जुना वास नव्या पाहुण्याला बोलावतो. मास्क आणि रबरी हातमोजे घाला, विष्ठा साबणाच्या पाण्याने भिजवून मगच उचला, डाग घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लीच वापरायचं तर त्यानंतर, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, आणि खिडक्या उघड्या. ओल्या मुतावर थेट ब्लीच ओतलं की घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो.

इथे हात थांबवा

उदमांजर फॉल्स सीलिंगमध्ये किंवा भिंतीच्या पोकळीत अडकलं असेल, जखमी असेल, भर दिवसा झोकांड्या देत अंगणात फिरत असेल, तर स्वतः पकडायला जाऊ नका. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. गोव्यात जवळच्या वन कार्यालयाला कळवा. त्यांची माणसं येईपर्यंत खोलीचा दरवाजा बंद, बाहेरची खिडकी उघडी, दिवे मालवलेले आणि कुत्रा बांधलेला ठेवा. पुष्कळदा रात्र झाली की ते स्वतःच निघून जातं.

पिंजरा लावून दहा किलोमीटरवर सोडून यायचा सल्ला शेजारी देतील. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली हा प्राणी संरक्षित आहे. परवानगीशिवाय पकडणं, मारणं, पाळणं हा गुन्हा आहे. शिवाय भोक उघडं असेल तर महिनाभरात दुसरं येतं.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्यापासून होऊ शकतो. हळद, चुना लावून वाट बघू नका.

छपरावर चढायचं काम कौलं चाळणाऱ्यालाच द्या. वासे जुने असतील तर पाय नेमका कुठे टाकायचा हे त्याला कळतं. नवखा माणूस रिपेवर पाय देतो आणि कौलांसकट खाली येतो. वायरीचं आवरण फाटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच बंद, मग इलेक्ट्रिशियन.

कौलं काढताना एखादं पिल्लू खाली आलं, तर त्याला दूध पाजू नका. जाड कापडाने उचलून, जुनं फडकं घातलेल्या उघड्या टोपलीत ठेवा आणि टोपली त्याच भिंतीलगत, कुत्रा पोचणार नाही इतक्या उंचीवर, सावलीत बांधा. रात्री ओटीवरचा दिवा बंद करा आणि घरात बसा. आई सहसा त्याच रात्री येते, मानेला धरून पिल्लाला उचलते आणि घेऊन जाते. सकाळी टोपलीत पिल्लू तसंच असेल तर १९२६ ला फोन करा.